एक हात जांभळा

१

माझ्या दादाला त्याच्याच बादलीनं जवळजवळ मारलं, आणि घरादारानं बादलीकडे बघायचं सोडून त्याच्या पोरीकडे बघायला सुरुवात केली. माझं डोकं फिरलं ते इथून. माझा राग नाकावर असतो असं लोक म्हणतात. असू दे. नोकरीची सगळी वर्षं मी अन्नतपासणी खात्यात दुसऱ्यांच्या पिंपांत आणि गोदामांत नाक खुपसत काढली. राग आणखी कुठे बसणार?

वहिनीचा फोन आला तेव्हा मी भाजी चिरत होते. "वन्सं, असाल तशा या. हे तळघरात पडलेत. श्वास लागत नाहीये." मी भाजी तशीच टाकून निघाले.

पोचले तोवर दादाला दवाखान्यात नेलं होतं. तळघराच्या दाराशी फौजदार नाकाला रुमाल लावून उभे होते. मी तीन पायऱ्या उतरले आणि उलट्या पावली वर आले. डोळ्यांतून घळाघळा पाणी, घशात मिरची उडाल्यासारखं. काडेपेटी अख्खी एकदम ओढावी तसा वास.

हा वास मला नवा नव्हता. दादा घरच्या घरी वाईन करतो. धंदा नाही, नाद. लोकांना वाटतं यात द्राक्षं चुरडायची आणि गाणी म्हणायची. प्रत्यक्षात निम्मा वेळ धुणीभांडी. काचेचे बुधले, नळ्या, बुचं आधी घासायची, मग सल्फाइटच्या पाण्यातून काढायची. ती पांढरी पूड पाण्यात विरघळली की वायू सुटतो आणि वाईन नासवणाऱ्या जंतूंना मारतो. प्रमाण नीट असलं तर नाकाला नुसता चिमटा बसतो. प्रमाण सुटलं, त्यावर लिंबूसत्वासारखं आंबट काही पडलं, तर वायू भसाभसा उसळतो. आणि माझ्या दादाला लहानपणापासून दमा आहे.

"बादलीत पूड कोणी कालवली?" फौजदारांनी विचारलं.

"मी," असा आवाज आला. माझी भाची भिंतीला टेकून उभी होती, हातात अजून रबरी मोजे. दादा तिला मापाडी म्हणतो, कारण काट्यावर तोलल्याशिवाय ती काही करत नाही.

फौजदारांनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "परवा पाहुण्यांदेखत वडिलांनी तुम्हाला घराबाहेर काढलं होतं, ते खरं का?"

ती म्हणाली, "खरं आहे."

२

दवाखान्यात दादाच्या तोंडावर मास्क होता, पण शुद्ध आली होती. बोलताना प्रत्येक शब्दाला त्याला थांबावं लागत होतं. तो लहानपणी धाप लागली की माझा हात धरायचा, म्हणून मी खाटेच्या उजव्या बाजूला बसून त्याचा हात हातात घेतला. हात थंडगार होता आणि लहान मुलाचा असावा तसा गोरा. दुसऱ्या हाताला सुई खुपसून चिकटपट्टी लावली होती. तो हात मात्र द्राक्षांनी कोपरापर्यंत जांभळा. हंगामात दादा रोज पिंपात दोन्ही हात घालून साली खाली दाबतो. कितीही साबण लावला तरी तो रंग महिनाभर जात नाही, आणि दादा तो मिरवतो.

फौजदारांनी थोडक्यात विचारलं, "बादलीला हात लावला होतात?"

दादानं छताकडे बघितलं. "नाही. नळी आणायला... खाली गेलो. पुढचं... आठवत नाही."

"पूड किंवा लिंबूसत्व तुम्ही टाकलंत?"

"म्हटलं ना... हात लावला नाही."

भाची दारात उभी होती. दादानं तिच्याकडे एकदाही पाहिलं नाही. बाप पोरीवर चिडला तर डोळे वटारतो, दात खातो. नजर चुकवत नाही. ते मला खटकलं, पण का खटकलं हे तेव्हा सांगता आलं नसतं.

बाहेर येऊन फौजदार म्हणाले, "बादलीतलं पाणी तपासायला दिलंय. उद्या सकाळी मुलीचा जबाब घेतो. खाली दोघंच गेली होती. एक म्हणतो हात लावला नाही. उरलं कोण?"

"वकिलाला बोलवू का?" मी विचारलं.

"बोलवा. जिवावर बेतलेलं प्रकरण आहे, बाई. हलक्यात घेता येणार नाही."

भाचीनं माझी बाही धरली. ती रडत नव्हती, त्यामुळे मला जास्त भीती वाटली. "आत्या, पाकीट नवीन होतं. माझं काट्यावर चुकलं असेल का? बाबा खोटं कशाला बोलतील? माझंच चुकलं असणार. उद्या तसं सांगून टाकते."

म्हणजे उद्या सकाळी माझी भाची न केलेला गुन्हा आपणहून पदरात घेणार होती. माझ्या हातात तेवढाच वेळ होता.

३

वहिनी स्वयंपाकघरात एकच कप परत परत पुसत होती.

"परवा काय झालं ते सांग," मी म्हणाले. "गाळीव नको, सगळं सांग."

"काय सांगू, वन्सं? यांच्यासारख्या घरी वाईन करणाऱ्या मंडळींना चाखायला बोलावलं होतं. पुढच्या महिन्यात त्यांची स्पर्धा, हे मुख्य परीक्षक. तुम्हाला माहितीये, यांच्या नाकापुढे तिथं कोणाचं चालत नाही. यांनी गेल्या वर्षीचा बुधला उघडला. वास घेतला, डोळे मिटले, म्हणाले, 'पिकलेलं जांभूळ, आणि मागून थोडं लाकूड.' सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि आपलं कार्टं म्हणतं, 'बाबा, ही आंबलीय. ओतून द्या.' चारचौघांत! हे एवढे भडकले की विचारू नका. 'माझ्या नाकाला शिकवतेस? चालती हो' म्हणाले. रात्रभर मैत्रिणीकडे होती. काल सकाळी मुकाट्यानं येऊन भांडी धुवायला बसली."

"तू चाखलीस?"

"मला त्यातलं काय कळतंय? मी आपली चकल्या, फरसाण बघत..." ती थांबली. "ती सरळ आहे हो वन्सं. जिभेला हाड नाही एवढंच. पण बापाला मारेल?"

"तुझ्या मनात काय येतं?"

वहिनीनं कप खाली ठेवला. "मनात येतं आणि मीच मला थोबाडावं वाटतं." आणि ती रडायला लागली.

मी तिला रडू दिलं. मग विचारलं, "तो खाली कसा होता? नीट आठव."

"बादलीवर ओणवे. गुडघ्यावर बसलेले, डोकं कडेला टेकलेलं. बादली सांडली नव्हती. मला तर जिना उतरतानाच ठसका लागला. फडकं ओलं करून नाकाला लावलं, आधी खिडकी उघडली, मग यांना ओढलं."

"खिडकी बंद होती?"

"घट्ट. नाहीतर घरात नियमच आहे, ज्याला आधी वास येईल त्यानं खिडकी उघडायची."

दवाखान्यानं परत दिलेली कपड्यांची पिशवी खुर्चीवर होती. मी शर्ट बाहेर काढला. डाव्या बाहीचं बटण लावलेलं होतं. उजवी बाही मात्र व्यवस्थित घड्या घालत कोपरापर्यंत वर दुमडलेली.

"हल्ली यांचं लक्षच नसतं कशात," वहिनी डोळे पुसत म्हणाली. "थंडीत तो मोठा ताप येऊन गेला ना, तेव्हापासून. परवा दूध करपून पातेलं काळं झालं, घरभर धूर, आणि हे शेजारी बसून पेपर वाचतायत! मी बागेतून धावत आले."

मी शर्ट हातात धरून तशीच उभी राहिले. जो माणूस बादलीला हात लावत नाही, तो बाही कशाला दुमडेल?

४

औषधवाले दादाचे जुने मित्र. पूड त्यांच्याच दुकानातून येते. शिवाय दादा आजारी पडला तर मुख्य परीक्षकाची खुर्ची यांनाच मिळणार, हे मंडळीतलं शेंबडं पोरही सांगेल. मी दुकानात गेले तेव्हा ते बाटल्यांवरची धूळ झटकत होते. दुकानात धूळ नव्हती.

"पूड चांगली होती, ताई," मी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले. "त्याच खोक्यातलं दुसरं पाकीट घ्या. कुठंही तपासा."

"तपासणारच आहे. परवाची वाईन कशी होती?"

"बरी होती."

"मी दादा नाही. खरं सांगा."

त्यांनी झटकणं खाली ठेवलं. "सपशेल आंबली होती. सॅलडवर ओतावी अशी."

"मग पोरगी बोलली तेव्हा तोंडात मिठाची गुळणी का धरलीत?"

"दादाच्या नाकापुढे कोण बोलणार? बाकीच्यांना वाटलं, तो आपली परीक्षा घेतोय. मान डोलावेल तो नापास."

"बाकीच्यांना वाटलं. तुम्हाला काय वाटलं?"

त्यांचा चेहरा पडला. ते उगाच गल्ल्याकडे गेले, परत आले. मी हलले नाही. नाक दाबलं की तोंड उघडतं, हा माझा नोकरीतला अनुभव आहे. पण हे तोंड घट्ट होतं.

"ताई, पोरीनं काही केलेलं नाही. एवढंच सांगतो."

"तुम्ही तिथं नव्हतात. मग तुम्हाला कसं माहीत?"

"मला नाही सांगता येणार. शब्द दिलाय."

"कोणाला दिलाय? तिला?"

"नाही." त्यांनी दाराकडे बघून आवाज खाली आणला. "दादाला."

५

घरी आले तर भाची अंगणात पायरीवर बसली होती. मी तिच्यासमोर रिकामी बादली आदळली. "ऊठ. आज सकाळी जे केलंस ते सगळं इथं मोकळ्या हवेत करून दाखव. नवं पाकीट आणलंय."

तिनं मोजे चढवले. पूड काट्यावर तोलली. तांब्यात कोमट पाणी घेऊन त्यात आधी ती पूर्ण विरघळवली, तळाशी कण राहिला नाही ना ते उजेडाकडे धरून पाहिलं, मग बादलीतल्या पाण्यात ओतली. लांब दांड्याच्या पळीनं ढवळलं आणि वर झाकण ठेवलं. क्रम कुठेही चुकला नाही.

मी झाकण उचलून वाकले. नाकाला चिमटा बसला, एवढंच. पूड चांगली होती आणि काटाही बरोबर होता.

"हे असंच ठेवून मी बुधले घासायला अंगणात आले," ती म्हणाली. "मग बाबा खाली गेले."

"दादा स्वतः करतो तेव्हा कसं करतो?"

"त्यांचं सगळं अंदाजपंचे! 'काटा भित्र्यांसाठी, माझं नाक हाच काटा' म्हणतात. कोरडी पूड मुठीनं टाकायची, बाही वर करून हातानंच ढवळायचं, वाकून वास घ्यायचा. मी म्हटलं पळी घ्या, तर म्हणतात, 'हात पण निर्जंतुक होतो, एका दगडात दोन पक्षी.'"

"आणि वास कमी वाटला तर?"

"आणखी मूठभर. तरी नाही आला तर लिंबूसत्व. त्यानं वास लगेच उसळतो."

बोलता बोलता तिनं पायरीवरचं फडकं उचललं आणि ओली पळी पुसायला घेतली. ते पिंपाशी वापरायचं फडकं, द्राक्षांच्या रसानं गर्द जांभळं झालेलं. तिच्या हातून ते निसटून बादलीत पडलं.

"राहू दे," मी म्हणाले. "काढू नकोस."

आम्ही दोघी बघत राहिलो. जांभळा रंग गुलाबी झाला, गुलाबी फिका झाला. थोड्या वेळानं पाण्यावर एक मळकं पांढरं फडकं तरंगत होतं.

"सल्फाइटनं रंग उडतो, आत्या. नेहमीचंच आहे. तुम्ही अशा काय बघताय?"

तेवढ्यात फौजदारांचा फोन आला. बादलीतल्या पाण्यात पूड नेहमीच्या कितीतरी पट निघाली होती, सोबत भरपूर लिंबूसत्व. आणि तळाशी न विरघळलेल्या पुडीचा थर.

"सकाळी येतो," ते म्हणाले. "मुलीला तयार ठेवा."

"मुलीला घेऊन दवाखान्यातच या," मी म्हणाले. "पण आधी मला दादाशी एकटीला बोलू द्या."

फोन ठेवून मी स्वयंपाकघरात गेले, एक स्वच्छ रुमाल घेतला आणि लसणाच्या पाकळ्या ठेचल्या.

६

सकाळी दादाच्या तोंडावरचा मास्क निघाला होता. मी खुर्ची ओढून जवळ बसले.

"वहिनीनं रुमाल पाठवलाय. गुलाबपाणी शिंपडलंय म्हणे. बघ बरं, चांगलं आहे का. तुझ्याशिवाय कोणाला कळणार?"

दादानं रुमाल नाकाशी धरला. डोळे मिटले. छाती दुखत असूनही लांब श्वास घेतला. लसणाच्या वासानं शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यानं तोंड फिरवलं.

"छान आहे," दादा म्हणाला. "जुनं गुलाबपाणी आहे. सौम्य."

मी जिंकले होते, आणि मला रडू कोसळलं. हसावं असं वाटलं होतं, पण तसं काही झालं नाही. या नाकानं लहानपणी मला चोरून खाल्लेल्या पेपरमिंटवरून पकडलं होतं.

"दादा, त्याला लसूण चोळलाय."

त्यानं डोळे उघडले. रुमालाची घडी उलगडून बघितली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"काय कधीपासून?"

"आता मला शेंड्या लावू नकोस. दूध करपलं तेव्हा तू शेजारी होतास. आंबलेल्या वाईनमध्ये तुला जांभूळ दिसलं. आणि तळघराचं म्हणशील तर पोरीनं बादली आधीच तेवढी जालीम केली असती तर तू जिन्यावरूनच मागे फिरला असतास. वहिनीला पायरीवर ठसका लागला, मला तिसऱ्या पायरीवर. तू मात्र बादलीपर्यंत गेलास आणि खिडकीही उघडली नाहीस. म्हणजे तू उतरलास तेव्हा तिथं काही नव्हतं. जे झालं ते तू बादलीवर वाकलेला असताना झालं. तळाशी कोरड्या पुडीचा थर आहे. ती आधी विरघळवते, तू मुठीनं टाकतोस. तुझी उजवी बाही दुमडलेली होती. पडणारा माणूस बाही दुमडून पडत नाही."

"असेल काहीतरी," तो पुटपुटला.

मी त्याचे दोन्ही हात चादरीवर शेजारी शेजारी ठेवले. डावा जांभळा. उजवा कोपराच्या खालपर्यंत गोरापान, रंगाची हद्द दोरी ताणल्यासारखी सरळ.

"हा कुठं धुतलास, दादा?"

त्यानं हात पांघरुणाखाली ओढायचा प्रयत्न केला. मी ओढू दिला नाही.

"तापानंतर," तो शेवटी म्हणाला. "तापानंतर गेला वास. औषधवाल्याकडून थेंब आणले, शपथ घातली. वाटलं येईल परत. काल सकाळी वाकलो, काही येईना. म्हटलं, मापाडीनं पाणीच ठेवलंय नुसतं. मूठ टाकली. आणखी टाकली. मग लिंबूसत्व. वास आलाच नाही गं. एकदम छातीच बंद झाली."

वास नाकाला कळतो, झोंबणं घशाला. घशाला कळेपर्यंत दम्यानं त्याला धरलं होतं.

"आणि तू फौजदारांना सांगितलंस हात लावला नाही म्हणून."

"तिचं नाव नाही घेतलं मी! वाटलं, अपघात म्हणून मिटेल."

"ती गुन्हा कबूल करायला निघालीय, दादा. तू खोटं बोलणार नाहीस म्हणून. तुझ्या शब्दापायी तिनं स्वतःच्या काट्यावरचा विश्वास सोडलाय."

त्याचे ओठ हलले. "नाक गेलं तर मी काय उरलो? सगळे माझ्याकडे बघतात ते नाकासाठी."

"पोर गेली तर काय उरशील?" मी एवढ्या मोठ्यांदा ओरडले की नर्स धावत आली. तिच्या मागोमाग फौजदार, आणि त्यांच्यामागे मान खाली घालून माझी भाची. फौजदारांच्या हातात कागद होता.

"चला, जबाब घेऊ या," ते म्हणाले. "मुली, तू काय सांगणार आहेस?"

तिनं तोंड उघडलं. मी जीभ चावून गप्प बसले. सगळं मला सांगता आलं असतं, पण ते दादानंच बोलायला हवं होतं.

"थांब," दादा म्हणाला. आवाज फाटका होता. "इकडे ये, मापाडी."

ती खाटेपाशी आली. दादानं गोऱ्या हातानं रुमाल तिच्यापुढे धरला.

"याला कसला वास येतोय?"

तिनं माझ्याकडे बघितलं, मग फौजदारांकडे. बापानं विचारलंय म्हटल्यावर तिनं रुमाल घेतला आणि हुंगला.

"लसणाचा, बाबा."

दादा फौजदारांकडे वळला. "लिहून घ्या, साहेब. मी गुलाबाचा म्हणालो होतो. माझं नाक गेलंय. बादलीत पूड मी टाकली, लिंबूसत्व मी टाकलं, या हातानं. माझी मुलगी खरं सांगते." मग त्याला धाप लागली. ती ओसरेपर्यंत त्यानं तिचा हात धरून ठेवला. "त्या दिवशी पाहुण्यांदेखतसुद्धा खरंच सांगत होती. ती वाईन आंबलेलीच आहे. घरी गेलीस की ओतून टाक."

"एकटी नाही ओतणार," ती म्हणाली. "तुम्ही घरी आलात की दोघं मिळून ओतू."